अस्वलाला सांगितलेल्या गोष्टी

परवा सकाळी चष्मा हरवला. बायको सवयीनं म्हणाली, "डोक्यावर पाहा." डोक्यावर नव्हता, याचा मला थोडा अभिमानच वाटला. अर्ध्या तासानं तो फ्रीजमध्ये सापडला, भाजीच्या कप्प्यात. म्हणजे आदल्या दिवशी मी कोथिंबीर कुठंतरी ठेवली होती आणि चष्मा फ्रीजमध्ये. कोथिंबीर अजून सापडलेली नाही. कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगितलेलं नाही, आणि तिनं विचारलेलं नाही, म्हणजे बहुतेक तीही विसरली असावी. आमच्या घरात सध्या असं बरं चाललं आहे.

तर चष्मा पुसत उभा होतो आणि मागच्या दारातून वास आला. गोड, जड, जरासा आंबूस. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना तो वास येतो तेव्हा ते आधी सिलिंडर तपासतात. आमच्या भागात हा वास आला की सिलिंडर नाही, टोपली शोधतात. "मोह लागला," मी मोठ्या उत्साहानं म्हणालो. कुसुम म्हणाली, "तीन दिवस झाले. तुमचं नाक बी रिटायर झालं वाटते."

नाक रिटायर झालं असेल, पण झालं एवढंच, की त्या वासाबरोबर मला दोन वर्षांपूर्वीचा मोहाचा हंगाम आठवला. तोही क्रमानं नाही. आधी वाळक्या पानावर फूल पडल्याचा आवाज, मग ओल्या टोपलीचा स्पर्श, मग वच्छलाकाकीचा खोकला. चौतीस वर्षं मास्तरकी केली, सनावळ्या पोरांच्या डोक्यात कोंबल्या, आणि आता माझ्याच डोक्यातला इतिहास असा वाटेल त्या बाजूनं उघडतो. पोरांवर उगाच ओरडलो म्हणायचं.

मोहाचं झाड जंगलाच्या कडेला असलं तरी ते कोणाचं आहे हे गावाला ठाऊक असतं. कागद नसतो, सातबारा नसतो. आज्यानं वेचलं, बापानं वेचलं, म्हणून ते आपलं. दुसऱ्याच्या झाडाखाली वाकणं म्हणजे दुसऱ्याच्या सांधीत, म्हणजे घराच्या आतल्या खोलीत, शिरून मडकी पाहणं. कोणी वाकलं तर पंचायत बसत नाही, पण ती बाई विहिरीवर गेली की बाकीच्या बायांच्या बादल्या जरा जोरात आपटतात. मूल शहराच्या पुढच्या आमच्या या गावात चोऱ्या कमी होतात त्याचं कारण पोलीस नाही, बादल्या आहेत.

आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन मोह. एकाचा पसारा घागऱ्यासारखा, म्हणून तो घागऱ्या. दुसऱ्याची एक बाजू विजेनं गेलेली, म्हणून तो काणा. माझे बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा घागऱ्या आमच्याकडे आला आणि काणा काकाकडे. घागऱ्याचं फूल जाड, गोड. काण्याचं बारीक, पण आठ दिवस आधी पडायला लागतं. वाटणी तशी बरोबर होती. बोंब एवढीच की दोन झाडांत अंतर जेमतेम वीस पावलांचं, आणि फुलं पडताना सातबारा पाहत नाहीत. मधल्या पट्ट्यातली फुलं कोणाची, यावर माझी माय आणि वच्छलाकाकी या दोन जावांनी जेवढा विचार केला, तेवढा कोणत्याही देशानं आपल्या सीमेवर केला नसेल.

पण अबोला झाला तो फुलांवरून नाही. तेव्हा मला नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. बाबांनी घागऱ्याखालचा पाचोळा जाळला. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून तेव्हा सगळेच जाळायचे आणि जंगलखातं सगळ्यांनाच नको म्हणायचं. त्या दिवशी वारा फिरला आणि आग जंगलात सरकली. फार नाही, पण गार्ड आला. कोणीतरी बाबांचं नाव सांगितलं. बाबांना दोन दिवस नाक्यावर बसवून ठेवलं आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत गावचं नाटक होतं. नाटकात पेटी वाजवायचा मान बाबांचा. ती वडश्याहून आणलेल्या कोणा पोरानं वाजवली, आणि वाईट वाजवली. बाबा परत आले, पेटीवर चादर टाकली, आणि ती चादर त्यांनी मरेपर्यंत काढली नाही. मी कितीदा म्हटलं, बाबा, वाजवा. ते म्हणायचे, "बोटं विसरले गा."

मायनं त्याच आठवड्यात काकीला भर अंगणात विचारलं, "तूनं सांगतलं ना?" काकीनं मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेलं वैनगंगेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि शपथ घेतली, "मी नाई सांगतलं." मायचा विश्वास बसला नाही. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. तीस वर्षं.

आता गंमत अशी, की मोह वेचायला गेलं की बोलावं लागतं. मोहाचं फूल अस्वलाला माणसापेक्षा जास्त आवडतं, आणि पहाटेच्या अंधुकात झुडपाआड ते खाली मान घालून खात बसलेलं असलं तर दिसत नाही. म्हणून वेचणारानं तोंड चालू ठेवायचं, आवाजावर अस्वल निघून जातं. दोन अबोल जावा वीस पावलांवर, आणि गप्प राहण्याची सोय नाही. मग दोघींनी मार्ग काढला. दोघी अस्वलाशी बोलायला लागल्या.

"अस्वला," माय घागऱ्याखालून मोठ्यानं म्हणायची, "काही काही बायांचे हात लय लांब असतेत गा. मधातली फुलं पाहून ठेव."

काण्याखालून काकीचा आवाज यायचा, "अस्वला, लोकायची नजर त्याच्याहून लांब असते बापा. तू आपलं खाय."

असं तास दोन तास. कोणाच्या सुनेनं भाजीत मीठ किती टाकलं, कोणाचा पोरगा मास्तर झाला तरी पायताण दारात उलटं टाकतो, हे सगळं अस्वलाला कळायचं. शेवटचं पायताण माझं. आमच्या जंगलात त्या काळात एखादं अस्वल असलंच, तर त्याला आमच्या घराण्याची माहिती माझ्यापेक्षा जास्त असणार. प्रत्यक्ष ते कधी आलं नाही. त्या दोघींच्या मध्ये यायची हिंमत गावात कोणाची नव्हती, जंगलात कुठून असणार.

बाबा गेले त्या वर्षी काकी आमच्या अंगणात आली, खांबाला धरून उभी राहिली आणि काही न बोलता गेली. पुढं मोह लागला. पहिल्याच सकाळी काण्याखालून आवाज आला, "अस्वला, मानूस चांगला होता गा." त्या दिवशी माय अस्वलाशी एक शब्द बोलली नाही. अस्वल येऊ नये म्हणून मीच थाळी वाजवत बसलो.

मायचं विसरणं हळूहळू आलं. आधी नावं गेली. मग वार गेले. मग मी कधी तिचा मुलगा तर कधी तिचा मेलेला भाऊ नामदेव व्हायला लागलो. नामदेवमामा स्वभावानं चांगला होता म्हणून मी मनावर घेतलं नाही. एकदा तिनं मला विचारलं, "तुझं लगन झालं का गा?" मी म्हटलं, "झालं ना." "मंग बायको कुठी हाय?" कुसुम समोर चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मी कोन मंग?" माय हसली. "तू तं आपली कुसुम होय." कुसुमला हे उत्तर फार आवडलं. बायको म्हणून विसरली गेली तरी कुसुम म्हणून राहिली, हे माझ्या बाबतीत झालं नव्हतं, हे तिनं मला आठवडाभर ऐकवलं.

दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आधी मायला चंद्रपूरला दाखवलं. डॉक्टर तरुण पोरगी होती, गोड बोलणारी. म्हणाली, "आजी, मी तीन शब्द सांगते. गाय, लोटा, चावी. पाच मिनिटांनी विचारीन." पाच मिनिटांनी विचारलं. माय तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहून म्हणाली, "विसरली का वं? लिहून ठेवत जाय." मग डॉक्टरनं विचारलं, "महिना कोणता?" मायनं खिडकीकडे तोंड करून नाक वर केलं आणि सांगितलं, "मोह लागाचा हाय अजून." डॉक्टरनं कागदावर फुली मारली. मला राग आला. उत्तर बरोबर होतं. मी तपासनीस असतो तर निदान अर्धा मार्क दिला असता, आणि तसं मी बोललोही. डॉक्टर हसली, पण तिनं फुली खोडली नाही.

ती मात्र एक गोष्ट समजावून सांगत बसली. म्हणाली, काहींचं वास ओळखणं आधी जातं, आजींचं शाबूत आहे. वास, चव, हाताला लागलेली सवय, यांच्या वाटा डोक्यात वेगळ्या आणि जुन्या. तिथून जे आत जातं ते पुष्कळ काळ टिकतं. त्यांना त्यांच्या सवयीची कामं करू द्या. आणि दारातून निघताना म्हणाली, "प्रसंग विसरला तरी त्या वेळी जे वाटलं ते मागे राहतं, बरं का. का वाईट वाटतंय ते कळत नाही, पण वाटत राहतं." मी हो हो केलं. पार्किंगमध्ये येईपर्यंत मी ते विसरलो, कारण गाडीची चावी सापडत नव्हती. गाय आणि लोटा मात्र मला अजून पाठ आहेत.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी माय अंथरुणात नव्हती. मोरीत नाही, विहिरीवर नाही, गोठ्यात नाही. कुसुम रडकुंडीला आली. मी दाराबाहेर आलो आणि मला तो वास आला. टोपलीची खुंटी पाहिली, रिकामी होती. मग धावलो. माझ्या वयाला आणि गुडघ्याला जेवढं शक्य होतं तेवढं धावलो, हातात रिकामा तेलाचा डबा आणि काठी, अस्वलासाठी वाजवायला.

माय झाडाखाली बसून एकेक फूल वेचत होती. हात शांत, अचूक. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिला दारातली कोंबडी दिसत नाही, पण बोटं बरोबर फुलावर जात होती. मला हायसं वाटलं, ते क्षणभरच. ती काण्याखाली बसली होती. घागऱ्या अजून लागलाच नव्हता. काणा आठ दिवस आधी पडतो, नाकानं जिथं वास होता तिथं नेलं, आणि वाटणी कोणाची झाली हे नाकाला कोणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांत जे कधी झालं नाही ते झालं होतं, आमची माय वच्छलाकाकीच्या झाडाखाली वेचत होती. आणि धुऱ्यावरून हातात टोपली घेऊन वच्छलाकाकी येत होती.

मी डबा वाजवायच्या तयारीत उभा राहिलो, कशासाठी ते मलाही माहीत नाही. काकी आली. थांबली. खोकली. मायनं मान वर केली, नाकानं हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ये वं वच्छला. किती उशीर केला? ऊन चढलं का फुलं कोमेजतेत."

तिच्या डोक्यात कुठलंसं जुनं वर्ष चालू होतं. वाटणी नव्हती, आग नव्हती, नाका नव्हता. धाकटी जाऊ उशिरा उठते, एवढंच गाऱ्हाणं होतं. काकी माझ्याकडे पाहत राहिली. शहात्तर वर्षांची बाई, पण चेहरा नव्या सुनेसारखा झाला होता. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "हो बाई. झाला खरा उशीर."

त्यानंतर रोज. मी रोज पहाटे डबा घेऊन मागे, माय पुढं, काकी आधीच येऊन बसलेली. दोघी इतक्या बोलायच्या की अस्वलाला सांगायला काही उरलं नाही. घागऱ्या लागल्यावर तर दोन्ही झाडांची फुलं एकाच ढिगात पडायला लागली. एकदा मास्तरकी जागी होऊन मी मायची परीक्षा घेतली. डोळे मिटायला लावून तिच्या जिभेवर एकेक फूल ठेवलं. "घागऱ्या," ती म्हणाली. "काणा. काणा. घागऱ्या. हे काय, शिळं दिलं का गा मले?" सगळी उत्तरं बरोबर, शिळ्यासकट. आणि मग मला विचारलं, "भाऊ, तुमी कोन्या गावचे?"

चौथ्या पाचव्या दिवशी काकीनं मला बाजूला घेतलं. हनुमान जयंती झाली की तिचा मुलगा तिला कोरपन्याला नेणार होता. तो तिकडं सिमेंटच्या कारखान्यात आहे, दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. इथलं घर बंद करायचं. "मले जायच्या आगुदर बाईपाशी एक बोलाचं हाय," ती म्हणाली. "तू इथीच राय. मले एकटीले हिंमत नाई."

आणि ती मायसमोर बसून, फुलं वेचता वेचता, बोलली. आग लागली तेव्हा काका डहाळी घेऊन विझवायला धावला होता. गार्ड आला तर त्याला काळ्या तोंडाचा, हातात डहाळी घेतलेला काकाच दिसला. तो काकालाच नेत होता. काकी गार्डला म्हणाली, यानं नाई लावली, याच्या भावानं लावली. "मीनं सांगतलं बाई. आन मंग तुमच्यापुढं पानी घेऊन खोटं बोलली."

मी डबा खाली ठेवला. तीस वर्षं मायला जो संशय होता तो खरा होता. काकीनं गार्डला खरं सांगितलं आणि देवाला खोटं. लोक सहसा याच्या उलट करतात. मला हसू यायला हवं होतं, पण मला चादर टाकलेली पेटी दिसली आणि संतापच आला. काका निर्दोष होता हे मला समजत होतं. तरी आला.

पण माझ्याआधी माय उठली. "तूनं सांगतलं?" तिच्या आवाजात जुनी धार होती. "आन गंगेचं पानी घेऊन खोटं बोलली? तोंड नोको दावू मले." टोपली तिथंच टाकून ती निघाली. मी मागे. घरी येऊन मायनं पाय धुतले, चहा प्यायली आणि कुसुमला म्हणाली, "आज मोह काऊन नाई आनला वं? लय आळशी झाले तुमी लोक." दुसऱ्या दिवशी पहाटे वास आला, टोपली घेतली, काण्याखाली गेली. "ये वं वच्छला. किती उशीर केला?"

काकीला माफी पाहिजे होती. ती मिळाली नाही, उलट माफी मागितल्याचाच पत्ता नव्हता. म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच संताप, तीच टाकलेली टोपली, तोच चहा. तिसऱ्यांदा तिनं गोड बोलून, आधी मोहाचा लाडू खायला देऊन सांगितलं. मायनं लाडू पूर्ण खाल्ला आणि मग संतापली. चौथ्यांदा काकीनं काकाचं चुकत होतं का हे आधी मायकडूनच वदवून घेतलं, अगदी वकिलासारखं, पण शेवटी शपथेवर आलं की गाडी तिथंच अडकायची. कुसुम वैतागली. "त्यायचं माफीचं जमन तवा जमन, पन आपला अर्धा मोह जंगलातच राहून राह्यला." शेवटी टाकलेल्या टोपल्या आणायला मला दुसरी फेरी मारावी लागायची. एका माफीच्या प्रयत्नाला माझ्या गुडघ्याच्या दोन गोळ्या लागत होत्या.

मग एक दिवस माय काण्याखाली पोचली, काकीला पाहिलं, आणि "ये वं" म्हणाली नाही. उभीच राहिली. कपाळाला आठ्या. काकी घाबरून म्हणाली, "काय झालं बाई?"

"वच्छला," माय म्हणाली, "तुले पाहून मले काऊन राग येऊन राह्यला वं? काई समजत नाई. तूनं काई केलं का?"

तेव्हा कुठं मला डॉक्टर आठवली. प्रसंग जातो, वाटणं राहतं. काकीनं चारदा मन मोकळं केलं होतं आणि चारदा मायच्या मनात राग साठत गेला होता, कारणाशिवायचा. आणखी दोनदा माफी मागितली असती तर मायनं काकीकडे पाठच केली असती आणि का ते तिला कधीच कळलं नसतं. मी काकीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पण तिला माझ्याआधी समजलं असावं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वेचलेली फुलं ओंजळीत होती त्या हातांनीच मायचा हात धरला आणि म्हणाली, "नाई बाई. मीनं काईच नाई केलं."

"खरं?"

"खरं."

माय बसली. थोडा वेळ फुरंगटल्यासारखी होती. मग म्हणाली, "तूनं आज तेल कोनतं लावलं? वास येते. मले बी आन." आणि वेचायला लागली.

काकी पुन्हा कधी काही सांगायला गेली नाही. हनुमान जयंतीपर्यंत दोघींनी मोह वेचला, अंगणात वाळवला, आणि चिंचोके आधी भाजायचे का मोह आधी भाजायचा यावर भांडल्या, पण ते नेहमीचं भांडण. मायच्या कपाळावरच्या आठ्या चार दिवसांत गेल्या.

शेवटच्या सकाळी मोह संपत आला होता. माय घागऱ्याच्या बुंध्याला टेकून डुलक्या घेत होती. काकी माझ्याजवळ आली. दुपारी तिचा मुलगा गाडी घेऊन येणार होता.

"दुसऱ्यांदा खोटं बोलली मी," ती म्हणाली. "तूनं दोन्ही आयकले."

मी पायाजवळची दोन फुलं उचलून तिच्या टोपलीत टाकली.

"तिचं आता गेलं बापा. तुझे बाबा गेले, तुझा काका गेला. तुले तं आठवते ना? पेटी, नाका, सगळं?"

"आठवते."

"राग हाय?"

मी मास्तर माणूस. चारचौघांत मोठ्या मनाचं बोलायची सवय आहे. पंधरा ऑगस्टला बोललोही आहे, क्षमा, विसर, वगैरे. पण बाबांची बोटं आठवत होती. पेटीवर नाही, चादरीवर ठेवलेली. खोटं बोलवेना. म्हटलं, "हाय काकी. लय हाय."

मला वाटलं, तिला लागेल. तिनं डोळे पुसले, पण चेहरा सैल झाला. लांब श्वास घेतला. "बरं झालं," ती म्हणाली. "मले वाटलं, कोनालेच नाई राह्यला. मी केलं ते केलंच नाई, असं होऊन राह्यलं होतं." मग कमरेवर हात ठेवून उठली आणि माझ्याकडे तिची टोपली सरकवली. "उचल आता. माझ्यानं नाई होत."

मी उचलली. रागात होतो, तरी उचलली. आधी तिच्या घरी पोचवली, मग मायला हात धरून आणलं.

आता माय चालत नाही. अंगणात बाजेवर बसते, आणि आम्ही आणलेला मोह तिच्यासमोर पसरतो. ती फूल चिमटीत दाबून सांगते, वाळला की नाही. माझं नाव आता मामाच्याही यादीतून गेलं आहे, मी नुसता "भाऊ" उरलो. पण फूल दाबताना तिचा चेहरा पाहावा, कोणाला काही कमी पडलं आहे असं वाटत नाही. परवा रात्रीच्या भाजीत काय होतं हे मलाही आठवत नाही आणि त्यावरून मी हल्ली स्वतःशी भांडत नाही.

काल सकाळी कोरपन्याहून फोन आला. गेल्या वर्षीही याच दिवसांत आला होता. तिकडं सिमेंटच्या धुळीत मोहाचा वास येत नाही, म्हणून विचारावं लागतं, असं काकी म्हणते. मोह लागला का, बाई जेवते का, कुसुमचं ब्लडप्रेशर कसं, सगळं विचारून झालं. मग ती थोडी थांबली, खोकली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "राग हाय का गा अजून?"

मी खरंच आत डोकावून पाहिलं. चष्मा, कोथिंबीर, चावी, पुष्कळ काही जागेवर नव्हतं. तो होता.

"हाय," म्हटलं.

"मंग रविवारच्या गाडीनं येतो," काकी म्हणाली.